मल्लांचे कीर्तिदालन : मान हयातीत की मागाहून?

मैदान सोडलेल्या खेळाडूला कीर्तिदालनात स्थान द्यावे काय, आणि दिल्यास केव्हा, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत जुना आहे. अमेरिकेतील बेसबॉलच्या कीर्तिदालनासाठी पहिली निवड १९३६ मध्ये झाली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे 'हॉल ऑफ फेम' २००९ मध्ये सुरू झाले. तेथे निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबावे लागते. म्हणून २०१३ मध्ये निवृत्त झालेल्या सचिन तेंडुलकरचा समावेश २०१९ मध्ये झाला. टाळ्या ओसरल्यावर कामगिरी पारखावी, हा त्यामागील विचार योग्यच आहे. परंतु थांबण्यालाही मर्यादा हवी.

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे याचे ठळक उदाहरण. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे मिळण्यास १९९६ साल उजाडले. या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, असे सांगितले जाते. खाशाबा १९५५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक झाले, यथाकाल निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचा अंत झाला. हयातीत त्यांना ना पद्म मिळाला, ना 'अर्जुन'. 'अर्जुन' पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला, म्हणजे पदकानंतर नऊ वर्षांनी. तो मरणोत्तर जाहीर झाला २००० सालचा! दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव २०१० मध्ये लाभले.

मंगळवेढ्याला मागाहून मिळणाऱ्या मानाचे नवल वाटू नये. येथे गावकुसाची भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. हयातीत राऊळाबाहेर ठेवल्या गेलेल्या या संताची समाधी पुढे पंढरपुरी महाद्वारासमोर झाली.

सोलापूर जिल्ह्याच्या जत्रांत नारळाच्या कुस्तीपासून निकाली कुस्तीपर्यंत हलगीच्या तालावर लढणारे मल्ल इनामावरच जगत आले. म्हणजे ते व्यावसायिकच. इनाम घेतले म्हणून त्यांची योग्यता उणी होत नाही. खुराकाचा खर्च तरी कोठून निघावा? मात्र या कुस्त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. तालमीच्या भिंतीवरील तसबिरी हेच त्यांचे कीर्तिदालन, आणि वस्ताद बदलला की तसबिरीही हलतात. जत्रा समित्यांनी निकालाची वही ठेवली, तरी निवडीला आधार मिळेल. केवळ विजयांची मोजणी पुरेशी नाही. किती पठ्ठे घडवले, हेही पाहावे.

निवृत्तांसाठी केंद्राने २००२ मध्ये ध्यानचंद जीवनगौरव सुरू केला. त्याची जागा पुढे 'अर्जुन' जीवनगौरवाने घेतली. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला जलतरणात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकले होते. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि हा जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये. तेव्हा ते ८० वर्षांचे होते.