विमान, प्लायवुड आणि सरसाची रेघ

दिवाळीच्या सुटीत मुलांनी किल्ला करावा ही आपल्याकडची जुनी रीत. पण आमच्या शाळेतली काही पोरे अलीकडे मातीत हात घालायचे सोडून लाकडाची उडती विमाने करू लागली आहेत. किल्ल्याला माती कुठली आणावी हे कुणी कुणाला विचारत नाही. विमानाला लाकूड कुठले आणावे हे मात्र विचारावे लागते, आणि विज्ञानाचे मास्तर जागेवर नसले की तो प्रश्न मराठी शिकवणाऱ्या माझ्यापर्यंत येतो. “सर, दाराचे प्लायवुड उरले आहे घरी. ते चालेल का?” या एवढ्याशा प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत जाऊन पोचलो. तिथे जे सापडले ते मुलांना सांगितलेच. आज वाचकांपुढेही ठेवतो.

लाकूड उभ्या रेषांत बळकट आणि आडव्या बाजूने दुबळे, हे सरपण फोडणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. कुऱ्हाड रेषांच्या दिशेने पडली की ओंडका चटकन दुभंगतो. मग लाकडाचे पातळ पापुद्रे काढून एकाच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या असे एकावर एक चिकटवले, तर एकाचे दुबळेपण दुसरा सांभाळतो. हेच प्लायवुड. थर बहुधा विषम संख्येत ठेवतात, तीन, पाच, सात. म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहून फळी वाकडी होत नाही. (इजिप्तमध्ये सक्कारा येथे तिसऱ्या राजघराण्याच्या काळातील एक लाकडी शवपेटी सापडली आहे, तिचे थर मात्र सहा आहेत. आत निजलेल्याची काही तक्रार नसावी.) एकोणिसाव्या शतकात ओंडका यंत्रावर फिरवून, पेन्सिलीला टोक करताना साल निघावी तसा त्याचा अखंड पापुद्रा काढण्याची सोय झाली आणि प्लायवुड स्वस्त झाले. बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियातून त्याची खोकी चहासाठी जाऊ लागली. पत्र्याच्या कडा ठोकलेली ती चहाची खोकी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर, जुन्या भांड्यांनी भरलेली, पडून असत.

चहाच्या खोक्यातून प्लायवुड विमानात गेले ते फ्रान्समध्ये. तोवर विमानाचे धड म्हणजे काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. १९१२ मध्ये देपर्द्युसाँ कंपनीचा रचनाकार लुई बेशरो याने साच्यावर ट्युलिपवुडचे पापुद्रे तीन थरांत चिकटवले आणि आत सांगाडा जवळजवळ नसलेले, अंड्याच्या कवचासारखे धड तयार केले. त्याच वर्षी शिकागोला झालेली गॉर्डन बेनेट स्पर्धा या विमानाने जिंकली; पुढच्या वर्षी ऱ्हाँस येथे त्याच जातीच्या विमानाने ताशी दोनशे किलोमीटरचा टप्पा ओलांडला. कापडाच्या विमानांची सद्दी संपत आली हे तेव्हाच दिसून चुकले होते.

मात्र या कवचात लाकडाइतकाच महत्त्वाचा होता तो दोन थरांमधला सरस. जनावरांच्या कातड्याहाडांचा जुना सरस ओल लागली की सुटे. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात दुधापासून केलेला सरस पुढे आला. साय काढलेले दूध नासवायचे, त्यातला चोथा वाळवून दळायचा आणि चुना घालून कालवायचा. हा केसीनचा सरस ओल बरीच सोसतो. पण शेवटी तो दुधाचाच. दमट हवेत फार दिवस राहिला की त्याला बुरशी धरते. आपल्याकडे श्रावणात भाकरीला धरते तशीच.

आता येऊ त्या विमानाकडे, ज्याच्यासाठी मी हे सारे सांगत आहे. इंग्लंडच्या डी हॅविलँड कंपनीचे ‘मॉस्किटो’ २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिल्यांदा उडाले. युद्धामुळे अ‍ॅल्युमिनियमची चणचण होती आणि सुतार मात्र रिकामे होते. त्या सुतारांच्या हातून हे विमान घडले. धडाच्या भिंतीत दोन्ही बाजूंना बर्च झाडाचे पातळ प्लायवुड आणि मधे इक्वेडोरचे हलके बाल्सा. मुले जे बाल्सा आज विमानासाठी मागतात, तेच. धडाचे डावे आणि उजवे असे दोन अर्धे भाग वेगवेगळ्या साच्यांवर करीत, आत तारा-नळ्या बसवीत आणि मग शेंगदाण्याची दोन टरफले जोडावी तसे ते चिकटवीत. खुर्च्या-टेबले करणारे कारखाने त्याचे भाग बनवू लागले. लाकडी म्हणून आरंभी नाके मुरडणाऱ्यांना त्याच्या वेगानेच उत्तर दिले. एकूण ७,७८१ मॉस्किटो बांधली गेली.

ही विमाने ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आली. केसीनला बुरशी धरते हे कळल्याने तोवर सरस बदललाही होता. रसायनशाळेत तयार होणारा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा सरस वापरात आला होता. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून विमानांना रुपेरी रंग देण्यात आला. एवढे करूनही १९४४ च्या उत्तरार्धात काही विमानांचे पंख हवेतच तुटले. माणसे गेली. नोव्हेंबरात विमाने जमिनीवर उतरवून ठेवण्याचा हुकूम निघाला आणि चौकशीसाठी हेरवर्ड डी हॅविलँड यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून तज्ज्ञांचे पथक आले.

त्या पथकाने सरसाला निर्दोष ठरवले. दोष दिला आमच्या पावसाळ्याला! त्या हवेत विमानाचा लाकडी सांगाडा आकसला आणि त्यामुळे अपघात झाले, असा त्यांचा निष्कर्ष. हे वाचून मला आमच्या गावच्या सुताराची आठवण झाली. खिडकी बसली नाही की त्याचे उत्तर ठरलेले : “गुरुजी, पावसाळ्याचं लाकूड आहे.” पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. पुढे निराळी चौकशी झाली. इंग्लंडातच असलेल्या, पावसाळा किंवा वाळवी कधी न पाहिलेल्या मॉस्किटो विमानांची तपासणी झाली, आणि तेच दोष त्यांच्यातही सापडले. ही विमाने हॅटफील्ड आणि लीव्हस्डेन येथील कारखान्यांत बांधलेली होती. चिकटवण्याचे कामच नीट झालेले नव्हते. जिथे दोन फळ्या घट्ट भिडायला हव्या होत्या, तिथे फट राहिली होती. आणि फट नुसत्या सरसाने भरून काढली तर तो जोड नव्हे, ती केवळ झाकापाक. शेवटी पंखाच्या पुढच्या कण्यालगत, सगळ्या लांबीभर, साडेपाच इंच रुंदीची प्लायवुडची पट्टी चिकटवून जोड बंद करण्याचा उपाय निघाला. ज्या वैमानिकांना या देशाच्या हवेने मारले असे पहिल्या अहवालाने म्हटले, ते हजारो मैलांवरच्या कारखान्यातल्या एका फटीचे बळी होते.

जर्मनीचीही त्याच सुमारास अशीच गत झाली. तिकडे विमानांच्या प्लायवुडसाठी ‘टेगो’ नावाचा, कागदासारख्या पातळ पट्टीत मिळणारा उत्तम सरस होता. तो करणारा वुपरटाल येथील कारखाना ब्रिटिशांच्या बाँबहल्ल्यात गेला. बदली म्हणून आणलेल्या सरसात आम्ल राहून जाई आणि ते लाकूड खाई. १० डिसेंबर १९४४ रोजी ‘हाइंकेल १६२’ हे नवे जेट विमान बड्या अधिकाऱ्यांना उडवून दाखवत असताना त्याच्या पंखाची कड सुटून गेली आणि वैमानिक ठार झाला. एका महिन्याच्या अंतराने, शत्रुराष्ट्रांच्या विमानांत, एकच जागा दगा देते आहे : दोन थरांमधली रेघ.

म्हणून मुलांना मी सांगतो, प्लायवुड विकत घेताना वरचा चेहरा पाहू नका, कड पाहा. दाराच्या प्लायवुडचे वरचे पापुद्रे गुळगुळीत आणि आतले जाड, तुकड्यातुकड्यांचे असतात. मधे पोकळ्याही राहतात. दाराचे त्याने काही बिघडत नाही, विमानाचे बिघडते. पोकळी नेमकी स्क्रूखाली आली की इंजिन हलू लागते. फळीवर ७१० चा मानक-शिक्का असला म्हणजे ती पाण्याला टिकेल. पण हलकी असेलच असे नाही, आणि विमानाला वजनाइतका दुसरा वैरी नाही. छोट्या विमानांसाठी बर्चचे प्लायवुड खास मिळते, पाऊण-एक मिलीमीटरपासून तीन मिलीमीटरपर्यंत. थर पातळ, सारखे, भरीव. महाग असते, हे खरे. पण लागते किती? इंजिन जिथे बसते तो पुढचा पडदा, दोन पंखांचा सांधा, चाकांची पट्टी. बाकी सगळे बाल्साचे. अख्खे विमान प्लायवुडचे करू म्हणणारा मुलगा विमान नव्हे, स्टूल करतो.

पातळ तुकडा खिडकीच्या उजेडात धरावा. गाठी आणि भेगा काळ्या-पांढऱ्या दिसतात. वाकवायचा असेल तर वरच्या रेषा कुठल्या दिशेला आहेत ते आधी बघावे, नाहीतर कडाड्‌ आवाज ऐकावा लागतो. आणि तुकडा उकळून पाहावा! आमच्या नववीतल्या एका मुलीने ही परीक्षा खरोखरच घेतली. तिची आई म्हणाली, “आता प्लायवुडाची आमटी करतेस काय गं?” दाराच्या प्लायवुडचे पापुद्रे दोनतीन तासांत पत्त्यांसारखे सुटले. बर्चचा तुकडा, ज्याच्या थरांमध्ये तपकिरी काळसर रेघा होत्या, तो तसाच राहिला. ती काळसर रेघ फिनॉलच्या सरसाची खूण. पांढरट रेघ असेल तर बहुधा युरियाचा सरस समजावा. बाईंनी ते पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकाला घेतले नाही.

आणखी एक गोष्ट कारागीर सांगतात. तापलेल्या दाबयंत्रातून निघालेल्या प्लायवुडचा पृष्ठभाग चकचकीत होतो आणि त्यात सरस मुरत नाही. म्हणून चिकटवण्याआधी पॉलिशकागदाने तो हलकेच खरवडायचा, धूळ पुसायची, आणि दोन्ही भाग कोरडेच एकमेकांवर धरून फट राहते का ते पाहायचे. फट राहिली तर भाग पुन्हा घासायचा.

मॉस्किटोच्या काळात डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन नावाच्या शास्त्रज्ञाची एरो रिसर्च लिमिटेड ही कंपनी होती. लाकडी विमानांसाठी युरियाचा सरस तिने १९३७ मध्येच काढला होता. युद्ध संपल्यावर तिने आणखी एक चिकट पदार्थ बाजारात आणला, आणि त्याच्या नावात कंपनीची ए, आर, एल ही आद्याक्षरे गुंफली. दोन नळ्यांतून काढून काडीने कालवायचा तो अ‍ॅराल्डाइट. आमची पोरे इंजिनाचा पडदा आजही त्यानेच बसवतात आणि रात्रभर त्याला हात लावत नाहीत.