सत्तावीस सेंट आणि दोन पासपोर्ट

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की, इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे पाठीवर पिशवी टाकून हिंडणारे कुठून आले? राजे झाले, तह झाले, दुष्काळ झाले, आता भटके! (हशा) पण प्रवास हासुद्धा इतिहासाचाच पुरावा असतो. माणूस कुठून कुठे, किती पैशांत आणि कुणाच्या परवानगीनं जाऊ शकत होता, हे कळलं की त्या काळाबद्दल बरंच काही कळतं. म्हणून आज एकाच जोडप्याचा एकच प्रवास घेऊ आणि त्यांच्या पायाखाली काय होतं ते पाहू.

टोनी व्हीलर हा इंग्रज तरुण. शिक्षणानं इंजिनिअर, नंतर लंडनमध्ये व्यवस्थापन शिकत होता. मॉरीन ही बेलफास्टची, वीस वर्षांची. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या एका बाकावर दोघांची ओळख झाली आणि बरोबर वर्षानं लग्न. टोनीला नोकरी मिळत होती. त्यांनी ठरवलं, आधी वर्षभर जग बघू, मग संसाराला लागू. १९७२ मध्ये ६५ पौंडांची एक जुनी मिनीव्हॅन घेतली आणि ते पूर्वेकडे निघाले. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान. काबूलमध्ये गाडी विकली, तीही पाच पौंड नफ्यानं. पुढे बस, रेल्वे, मिळेल ते वाहन. डिसेंबरच्या अखेरीस, नाताळ नुकताच होऊन गेलेला असताना, ते सिडनीला पोचले. दोघांत मिळून शिल्लक होती २७ सेंट.

ही गोष्ट प्रसिद्ध आहे, कारण तिच्यातूनच पुढे 'लोनली प्लॅनेट' ही प्रवासपुस्तकांची प्रकाशनसंस्था उभी राहिली. पण सांगताना ती बहुतेकदा अशी सांगितली जाते की दोन धाडसी जीव निघाले आणि जग त्यांच्यासमोर उघडत गेलं. मला आज शंका घ्यायची आहे ती या 'उघडत गेलं' वर. जग आपोआप उघडत नसतं. ते कुणीतरी उघडलेलं असतं, आणि कुणासाठी तरी बंदही असतं.

पहिला अडथळा बघा. 'जमिनीवरून लंडन ते ऑस्ट्रेलिया' असं आपण म्हणतो खरं, पण भारत आणि थायलंड यांच्यामध्ये ब्रह्मदेश आहे. १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि परदेशी माणसाला तिथं जाणं जवळपास बंद झालं. आधी २४ तासांचा व्हिसा, मग सत्तरच्या सुमारास सात दिवसांचा. तोही रंगूनला विमानानं उतरायचं आणि विमानानंच बाहेर पडायचं. जमिनीची सरहद्द बंद. त्यामुळे त्या काळातल्या प्रत्येक खुष्कीच्या प्रवाशाला इथे विमान घ्यावं लागे. व्हीलर दांपत्यानंही भारतीय उपखंड संपल्यावर बँकॉकपर्यंत विमानच घेतलं.

बरं, या दोन देशांमध्ये जमिनीवरून वाट कधी नव्हतीच का? होती. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी थायलंड ते ब्रह्मदेश अशी ४१५ किलोमीटरची रेल्वे बांधून घेतली. ऑक्टोबर १९४३ मध्ये ती पुरी झाली. तिच्यावर दोस्तराष्ट्रांचे बारा हजारांहून जास्त युद्धकैदी मेले. आणि आशियाई मजूर? त्यांच्या मृत्यूचे अंदाज नव्वद हजारांपर्यंत जातात. त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर फार मोठ्या संख्येनं होते. आज थायलंडमध्ये कांचनाबुरीला गेलात तर युद्धकैद्यांची देखणी दफनभूमी दिसते. जवळपास सात हजार कबरी, बहुतेकांवर नाव कोरलेलं. तमिळ मजुरांच्या नावांचे दगड मात्र तिथे शोधावे लागतील. युद्धानंतर या रेल्वेचा बराचसा भाग उखडला गेला. उरलेल्या तुकड्यावर पर्यटकांची गाडी धावते.

बँकॉकच्या पुढे वाट सोपी होते. दक्षिणेकडे जाणारी सयामची रेल्वे १९१८ मध्ये पादांग बेसार इथे मलायाच्या रेल्वेला जोडली गेली. १९२४ मध्ये जोहोर आणि सिंगापूर यांच्यामधला समुद्रातला बांध रीतसर खुला झाला. म्हणजे बँकॉकहून निघालेल्या माणसाला सिंगापूरपर्यंत सलग जमीन मिळाली. ही रेल्वे कशासाठी होती? कथील आणि रबर बंदरात नेण्यासाठी. आणि मलायात ती बांधायला, चालवायला माणसं कुठली? इथेही पुन्हा तमिळनाडूतून नेलेले मजूर. १९७२ मध्ये पाठीवर पिशवी घेऊन तिसऱ्या वर्गात बसलेलं एखादं गोरं जोडपं कथील-रबराच्या वाटेनं चाललं होतं, तेही कथील-रबराला परवडणाऱ्या भाड्यात.

आता मुक्काम. मलाया आणि सिंगापूरमध्ये स्वस्तात राहायचं म्हणजे चिनी हॉटेल. ही हॉटेलं पर्यटकांसाठी निघालेली नव्हती. दक्षिण चीनमधून पोटासाठी आलेला माणूस, फिरता व्यापारी, खलाशी, अशांची ती उतरण्याची ठिकाणं. खाली दुकान किंवा खाणावळ, वर खोल्या. भिंती बऱ्याचदा छताला टेकलेल्याच नसतात, वर जाळी. म्हणजे वारा खेळतो आणि शेजारच्याचं घोरणंही ऐकू येतं. (हशा) आणि इथे जोडप्यांना एक मोठा फायदा होता. आपल्याकडे 'सिंगल' म्हणजे एका माणसाची खोली. चिनी हॉटेलात 'सिंगल' म्हणजे एक पलंग असलेली खोली, आणि तो पलंग दोघांना पुरेल एवढा! 'डबल' म्हटलं की असे दोन पलंग. म्हणून जाणती जोडपी बिनदिक्कत सिंगल मागायची. अर्ध्या पैशांत काम. जोडीनं फिरणं स्वस्त पडतं ते असं.

इंडोनेशियात याच जागी 'लॉसमेन' येतं. शब्द मूळचा डच, 'लोजमेंट'चा इंडोनेशियन अवतार. म्हणजे शब्दातसुद्धा वसाहतीचा शिक्का आहे. बालीत या लॉसमेनचा इतिहास तर फारच गमतीचा आहे. १९६९ मध्ये तिथला विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला. १९७१ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं फ्रेंच सल्लागारांनी पर्यटनाचा आराखडा केला. श्रीमंत पाहुण्यांना नुसा दुआ नावाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या टोकावर ठेवायचं, त्यांना सहलीला आत आणायचं, परत न्यायचं, असा बेत. म्हणजे गावांना धक्का कमी लागेल. आराखडा कागदावर राहिला आणि तोवर कुटा गावात कमी पैशांची मंडळी येऊन थडकली! कोळ्या-शेतकऱ्यांच्या कुटुंबांनी अंगणात चार खोल्या बांधल्या, सकाळी चहा आणि केळी द्यायला सुरुवात केली. नुसा दुआचं पहिलं मोठं हॉटेल उघडलं १९८३ मध्ये. तोपर्यंत कुटा कुठल्या कुठे गेलं होतं. तज्ज्ञांनी या भटक्यांना हिशेबातच धरलं नव्हतं. पण त्यांचा पैसा थोडा असला तरी थेट घरात जात होता, हेही खरंच.

बालीहून व्हीलर पती-पत्नी एका शिडाच्या नौकेवर कामाला हात म्हणून चढले आणि ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर उतरले. सिडनीत जो तो विचारी, कसे आलात, किती खर्च आला? त्या उत्तरांचं झालं छोटं पुस्तक. १९७३ मध्ये 'अ‍ॅक्रॉस एशिया ऑन द चीप', १५०० प्रती, हातानं टाचलेल्या. त्या संपल्या तेव्हा दोघं परत निघाले. १९७४ मध्ये यामाहा मोटारसायकलवरून आग्नेय आशिया पालथा घातला आणि सिंगापूरच्या एका गल्लीतल्या चिनी हॉटेलात तीन महिने बसून दुसरं पुस्तक तयार केलं. १९७५ चं 'साउथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग'. पिवळ्या मुखपृष्ठाचं हे पुस्तक पुढे कित्येक वर्षं या वाटेवरच्या निम्म्या पिशव्यांत असायचं.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. प्रवास दोघांनी केला, खोल्या दोघांनी बघितल्या, पुस्तकं दोघांनी उभी केली. पहिल्या पुस्तकावर नाव मात्र एकाचं, टोनीचं. १९८५ मध्ये मॉरीननं मुलांना घेऊन प्रवास करण्यावर स्वतःचं पुस्तक लिहिलं. दोघांची नावं असलेलं आत्मकथन आलं २००५ मध्ये. जोडीच्या प्रवासाचा इतिहास लिहिताना मुखपृष्ठावर विसंबून चालत नाही, ते यासाठी.

आणि आता त्या पुस्तकाचं साल पुन्हा बघा. १९७५. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नॉम पेन्ह आणि सायगाव पडलं, डिसेंबरमध्ये लाओसमध्ये सत्तांतर झालं. तिन्ही देशांचे दरवाजे प्रवाशांना बंद. इंडोनेशियाहून ऑस्ट्रेलियाला जायचा रूढ टप्पा होता पोर्तुगीज तिमोर. दिलीहून डार्विनला छोटासा विमानप्रवास. हा तिमोर आपल्याला अगदी परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. ७ डिसेंबर १९७५ ला इंडोनेशियाचं सैन्य दिलीत उतरलं. पुढच्या २४ वर्षांत तिथे किमान एक लाखाच्या आसपास माणसं मेली. प्रवासपुस्तकाच्या दृष्टीनं म्हणाल तर एक टप्पा गळाला. तिथल्या माणसांच्या दृष्टीनं काय झालं, ते त्या पुस्तकात मावणारं नव्हतं. चार वर्षांनी, १९७९ मध्ये, इराणमध्ये क्रांती झाली आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा आल्या. लंडन ते काठमांडू ही वाटही संपली.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते खरा मुद्दा हाच. समजा १९७२ मध्ये पुण्यातलं एखादं नवविवाहित जोडपं म्हणालं असतं, आम्हीही निघतो. सिंगापूर, जावा, बाली ही नावं मराठी वाचकाला नवी नव्हती, पु. ल. देशपांड्यांचं 'पूर्वरंग' येऊन जवळपास दशक झालं होतं. हौसही असेल. पण मुळात पासपोर्ट मिळणं हा १९६७ पर्यंत हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. त्या वर्षी सतवंत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि मग पासपोर्टचा कायदा झाला. बरं, पासपोर्ट मिळाला, पुढे पैसे? रिझर्व्ह बँकेची परवानगी, तो 'पी-फॉर्म', आणि साठच्या दशकातली ते आठ डॉलर नेण्याची आठवण तुमच्यापैकी काहींच्या घरात अजून सांगितली जात असेल. (श्रोत्यांतून होकार) 'स्वस्तात आशिया' सांगणारं पुस्तक निघालं १९७३ मध्ये. त्याच वर्षी आपल्याकडे 'फेरा' हा परकीय चलनाचा कडक कायदा झाला.

म्हणजे व्हीलर पती-पत्नींच्या खिशात सिडनीत २७ सेंट होते हे खरं, पण त्याच खिशात दोन ब्रिटिश पासपोर्टही होते. त्या काळी ब्रिटिश माणसाला ऑस्ट्रेलियात राहून काम शोधणं सोपं होतं. २७ सेंटवर आपणही उतरलो असतो, तर परत पाठवले गेलो असतो. हे त्यांच्यावर दोष म्हणून मी सांगत नाही. गरिबी आणि काटकसर यांतला फरक कुठे असतो, तो दिसावा म्हणून सांगतो.

आज चित्र बदललंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडनं आणि डिसेंबरमध्ये मलेशियानं भारतीय प्रवाशांना व्हिसा माफ केला. आपली मुलं-मुली जोडीनं तिकडे जाताहेत, छान आहे. पण जमिनीवरून? मणिपूरमधल्या मोरेहची सरहद्द २०१८ मध्ये व्हिसाधारकांना खुली झाली होती. मग महासाथ आली, फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली, आणि ती वाट पुन्हा बंद. १९७२ मध्ये व्हीलरांना जिथे विमान घ्यावं लागलं, तिथेच आज आपल्यालाही घ्यावं लागतं.

(प्रश्नोत्तरांपैकी एक)

प्रश्न : सर, रस्ते दुसऱ्यांनी बांधले, हॉटेलं दुसऱ्यांची, पासपोर्ट नशिबानं मिळालेला. मग त्या दोघांचं कर्तृत्व ते काय?

चांगला प्रश्न आहे. त्यांनी लिहून ठेवलं. कुठली बस, किती वाजता, खोलीला किती, खायला कुठे. असल्या बारीक गोष्टी राजांच्या दफ्तरात सापडत नाहीत. १९७५ मध्ये सिंगापूरच्या चिनी हॉटेलात पलंगाला काय भाडं पडत होतं, हे उद्याच्या इतिहासकाराला हवं असेल, तर त्याला याच पिवळ्या पुस्तकाकडे जावं लागेल. तेव्हा तुम्ही जोडीनं निघालात तर फोटो काढाच, पण एका वहीत भाडीही लिहा. आणि शक्य झालं तर ज्यानं भाडं घेतलं, त्याचं नावही.