डिझेल इंजिन आणि पाण्याचा वेढा

आपल्या इंजिनाला पाण्याने थंड करावे लागणार नाही, असे रुडॉल्फ डिझेलने १८९३ च्या पुस्तिकेत मांडले होते. त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या कारखान्यात उभे राहिलेले पहिले इंजिन म्हणूनच पाण्याच्या वेढ्याविना घडवले गेले. कागदावरचे गणित मोहक होते; लोखंडाला ते मानवले नाही. पुढे सिलिंडरभोवती पाणी खेळवावे लागले आणि १८९७ च्या चाचणीत यश मिळाले, तेही अशाच इंजिनाला.

हे इंजिन होडीवर चढले, तेव्हा थंडाव्याचे पाणी थेट समुद्रातून मिळू लागले. पण समुद्र पाण्याबरोबर कचराही देतो. म्हणून इंजिन तापले की जाणता तांडेल आधी बाहेर पडणारी धार पाहतो. ती बारीक झाली असेल, तर बहुधा पाणी आत घेणारी जाळी शेवाळाने तुंबलेली असते. जाळी स्वच्छ असेल, तर पंपाचा रबरी पंखा तपासावा लागतो.