समुद्रापासून दूर मासळी खाताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी हा परिसर तेथील देवीच्या नावाने ओळखला जातो. बनशंकरी हे शाकंभरीचे, म्हणजे भाजीपाल्याने जगाचे पोषण करणाऱ्या देवीचे रूप मानले जाते आणि बदामीजवळील तिचे स्थान महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांचे कुलदैवत आहे. अशा नावाच्या वस्तीत राहून बांगड्याच्या तिखल्याची आठवण काढणाऱ्या कोकणी व गोमंतकीय कुटुंबांपुढे मात्र वेगळेच प्रश्न उभे असतात. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. पश्चिमेला मंगळुरू आणि पूर्वेला चेन्नई ही दोन्ही बंदरे रस्त्याने साधारण ३५० किलोमीटर दूर आहेत. बाजारातील समुद्री मासळी हा प्रवास बर्फात करून येते. मालवण किंवा रत्नागिरीच्या बाजारात जे प्रश्न पडत नाहीत, ते येथे पडतात.

पहिली अडचण नावांची असते. सुरमई मंगळुरूच्या विक्रेत्याकडे 'अंजल', तर तमिळ विक्रेत्याकडे 'वंजिरम' होते. पापलेट तुळू भाषकांकडे 'मांजी' आणि तमिळमध्ये 'वव्वाल' आहे. आपली तारली मंगळुरूकडे 'बूताई', तर मल्याळममध्ये 'मत्ती' म्हणून विकली जाते. मुडदुशी 'काणे' या नावाने मिळते. बांगडा तेवढा 'बंगुडे' होऊन ओळखीचा राहतो. काळे पापलेट म्हणून जो हलवा विकला जातो, तो पापलेटच्या कुळातील नाही, हेही लक्षात ठेवावे. चवीत तो कमी नाही, पण पापलेटचा भाव त्याला देण्याचे कारण नाही. चंदेरी पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य माशाचा मान देण्यात आला आहे.

कोळंबी हा मासा आहे का?

नाही. माशाला पाठीचा कणा असतो व तो कल्ल्यांनी श्वास घेतो. कोळंबी, चिंबोरी आणि शेवंड हे दहा पायांचे, कठीण कवचाचे संधिपाद प्राणी असून त्यांचे नाते माशांपेक्षा कीटकांशी अधिक जवळचे आहे. तिसऱ्या, कालवे, खुबे आणि शिनाणे हे मृदुकाय प्राणी होत. माकूलही त्याच गटातील आहे. त्याचे कवच शरीराच्या आत पातळ पात्याच्या रूपात उरले आहे. मराठीतील 'मासळी' हा शब्द या सर्वांना सामावून घेतो आणि देवमाशासारख्या सस्तन प्राण्यालाही आपण मासाच म्हणतो. व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. आजारपणात मात्र हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. त्याविषयी पुढे येईलच.

मोरी किंवा मुशीला काटे का नसतात, असेही विचारले जाते. या शार्क माशांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. त्यांच्या अंगात युरिया मोठ्या प्रमाणात असतो आणि मासा शिळा होऊ लागला की त्यापासून अमोनिया तयार होतो. मोरीला नवसागरासारखा उग्र वास आला तर ती घेऊ नये.

शिजवल्यावर कोळंबी व चिंबोरी लाल का होतात? अ‍ॅस्टाझॅन्थिन हे लाल रंगद्रव्य त्यांच्या कवचात आधीपासूनच असते. जिवंतपणी ते एका प्रथिनाशी बांधलेले असल्याने निळसर-करडे दिसते. उष्णतेने ते प्रथिन विस्कटते आणि मूळ रंग उघडा पडतो. कोळंबीच्या पाठीवरील काळा दोरा हे तिचे आतडे असते.

ताजेपणा कसा ओळखावा?

डोळे फुगीर व चकचकीत असावेत, कल्ले लाल असावेत आणि बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून यावा, या परंपरागत कसोट्या आजही योग्यच आहेत. ज्याला आपण 'मासळीचा वास' म्हणतो, तो ताज्या माशाला जवळजवळ नसतो. समुद्री माशांच्या स्नायूंत एक नत्रयुक्त पदार्थ असतो. मासा मेल्यानंतर जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइनमध्ये रूपांतर करतात आणि तो परिचित वास येतो. रोहू, कटला यांसारख्या गोड्या पाण्यातील माशांत हा पदार्थ फारसा नसल्याने त्यांचा शिळेपणा केवळ नाकाने ओळखणे अवघड असते. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाचे नाक येथे फसते.

यापेक्षा गंभीर बाब बांगडा, तारली, सुरमई आणि कुपा या माशांची आहे. त्यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा काही तास उबदार हवेत राहिला तर जिवाणू त्यापासून हिस्टामीन बनवतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून एक-दोन तासांत चेहरा लाल होणे, अंगाला खाज सुटणे, डोके दुखणे, उलटी किंवा जुलाब अशी लक्षणे दिसतात. घरात सहसा त्याला 'बांगड्याची अ‍ॅलर्जी' म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात दोष बहुधा बर्फाच्या अभावाचा असतो. हिस्टामीन एकदा तयार झाले की तळल्याने वा उकळल्याने नष्ट होत नाही. फ्रीजमध्ये ठेवल्यानेही नाही. कित्येकदा असा मासा दिसायला चांगलाच असतो. म्हणून समुद्रापासून दूर राहणाऱ्याने माशाच्या डोळ्यांइतकेच विक्रेत्याच्या पेटीकडे पाहावे. मासळीइतक्याच वजनाचा बर्फ, तोही मासळीच्या वर व खाली, अशी व्यवस्था असेल तर निम्मी काळजी मिटते. बंदरावरच योग्य रीतीने गोठवलेली मासळी ही उघड्या फळीवरील 'ताज्या' मासळीपेक्षा पुष्कळदा अधिक सुरक्षित असते. गोठवलेल्या मासळीविषयीचा आपला पूर्वग्रह आता सोडण्यास हरकत नाही.

फॉर्मेलिनचे काय?

जून २०१८ मध्ये केरळमध्ये फॉर्मेलिन लावलेली मासळी मोठ्या प्रमाणावर पकडण्यात आली आणि त्यानंतरच्या महिन्यात गोव्याने परराज्यांतील मासळीच्या आयातीवर काही काळ बंदी घातली. तेव्हापासून ही भीती कायम आहे. ती निराधार नाही. फॉर्मेलिन हे मृत शरीरे टिकवण्यासाठी वापरले जाणारे रसायन असून खाद्य मासळीवर त्याचा वापर बेकायदेशीर आहे. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ग्राहकाला वापरता येईल अशी कागदी पट्टीची चाचणी विकसित केली आहे. काही माशांत फॉर्मल्डिहाइड नैसर्गिकरीत्याही तयार होते आणि त्यात आपला बोंबील अग्रभागी आहे. त्यामुळे केवळ अंश आढळला म्हणून भेसळ सिद्ध होत नाही. प्रमाण पाहावे लागते. माशी बसली नाही म्हणजे फॉर्मेलिन आहे, ही बाजारातील कसोटी भरवशाची नाही.

अ‍ॅलर्जी कोणाला, कशाची?

कोळंबी किंवा चिंबोरी खाल्ल्यावर ज्याचे ओठ सुजतात, त्याने पापलेटही सोडावे का? बहुधा नाही. कवचधारी प्राण्यांच्या अ‍ॅलर्जीमागे मुख्यतः ट्रोपोमायोसिन हे स्नायूंतील प्रथिन असते, तर माशांच्या अ‍ॅलर्जीमागे पार्व्हाल्ब्युमिन. दोन्ही वेगळी आहेत व दोन्ही शिजवूनही टिकतात. झुरळे आणि घरातील धुळीतील सूक्ष्म किडे यांच्यातही ट्रोपोमायोसिन असते. धुळीने त्रास होणाऱ्या काही व्यक्तींना कोळंबी सोसत नाही, याचे हे एक कारण होय. नेमके निदान तज्ज्ञ डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. घसा आवळणे, श्वास घेण्यास त्रास होणे किंवा भोवळ येणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे. सोलकढीने हे थांबत नाही. एकाच कढईत कोळंबी व मासा तळल्यासही अशा व्यक्तीला धोका पोहोचू शकतो, हे पाहुण्यांना जेवायला बोलावणाऱ्यांनी जाणून घ्यावे.

तिसऱ्या, कालवे आणि शिनाणे पाणी गाळून अन्न मिळवतात. खाडी दूषित असेल तर तेथील जिवाणू व जड धातू त्यांच्या शरीरात साठतात. टिचकी मारूनही न मिटणारी शिंपली मेलेली समजून टाकून द्यावी आणि उरलेल्या नीट शिजवाव्यात. लांबून आलेल्या शिंपल्यांच्या बाबतीत ही खबरदारी विशेष गरजेची आहे.

मासळी व दूध एकत्र घेतल्याने कोड उठते, या समजाला वैद्यकीय आधार सापडलेला नाही. चरकसंहितेत हा विरुद्ध आहार सांगितला आहे. ज्यांना तो पाळायचा त्यांनी पाळावा, पण कोड झालेल्या माणसाला त्याच्या ताटावरून दोष देऊ नये. गर्भवती स्त्रियांनी मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, कारण त्यांच्यात पारा साठतो. तारली व बांगड्यात तो कमी असतो आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर असतात. स्वस्त मासळी येथे महागड्या मासळीपेक्षा सरस ठरते.

त्यांना वेदना होतात का?

हा प्रश्न बहुधा मुले विचारतात आणि मोठे तो टाळतात. ट्राउट माशांच्या तोंडाभोवती वेदना-संवेदी चेतातंतू असल्याचे संशोधन २००३ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. माशाला ती वेदना आपल्यासारखी 'जाणवते' का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये जिवंत शेवंड उकळत्या पाण्यात टाकण्यास मनाई केली आणि ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात चिंबोरी, शेवंड व माकूल यांच्या वर्गांना संवेदनक्षम प्राणी मानले. जिवंत चिंबोरी घरी आणणाऱ्यांनी ती आधी बर्फात ठेवून बधिर करावी. नांग्या मोडताना होणारी तिची धडपड तरी त्यामुळे टळते.

पावसाळ्यात मासळी मिळते कशी?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी प्रत्येकी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते. अनेक जातींच्या प्रजननाला या काळात उसंत मिळते. दोन्ही किनाऱ्यांशी जोडलेल्या बंगळुरूत त्यामुळे जूनच्या उत्तरार्धापासून पूर्वेकडील मासळी येते. जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत मात्र दोन्हीकडील यांत्रिक नौका बंदरातच असतात. त्या दिवसांत 'आजचीच सुरमई' असे कोणी सांगितले, तर ती कोठून आली, हे अवश्य विचारावे.

लहान मासळीबाबतही विचारणा करण्यास वाव आहे. केरळने २०१५ मध्ये पकडण्यायोग्य माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्यात तारलीसाठी १० आणि बांगड्यासाठी १४ सेंटिमीटर ही मर्यादा आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी अशी मर्यादा लागू केली. १४ सेंटिमीटर म्हणजे साधारण वितीचा दोन-तृतीयांश भाग. त्याहून लहान बांगड्यांचा ढीग स्वस्तात मिळत असेल, तर त्यांतील बहुतेकांनी एकदाही अंडी घातलेली नसतात.