पहिला मुक्काम घराजवळ

येत्या काही दिवसांत देहू-आळंदीहून पालख्या निघतील. इथे लंडनमध्ये शाळा सुटायला आल्या आहेत आणि गल्लोगल्ली ड्राइव्हवेत धुऊनपुसून ठेवलेले कॅम्पर ट्रेलर दिसू लागले आहेत. या दोन गोष्टींचा संबंध माझ्या वडिलांनी मला दाखवला. आजची गोष्ट त्याचीच.

आम्ही यंदा एकवीस फुटी नवा ट्रेलर घेतला. जुलैत लेक सुपीरिअरच्या काठाने थंडर बेपर्यंत जायचं ठरलंय. जवळपास दीड हजार किलोमीटरचा रस्ता आणि मध्ये तासन्‌तास मोठं गाव नाही. सोबत आम्ही दोघं, दोन मुलं आणि साताऱ्याहून आलेले आई आणि अण्णा. आईला इन्शुलिन लागतं, म्हणजे ट्रेलरमधला फ्रिज तिच्यासाठी औषधाचं कपाट. म्हणून व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत एक रात्र ड्राइव्हवेतच झोपून बघायचं मी ठरवलं. आयटीत वीस वर्षं काढली आहेत. नवी प्रणाली सुरू करण्याआधी रंगीत तालीम घ्यायची, एवढं अंगवळणी पडलंय.

अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू प्रस्थान ठेवतोयस की!"

प्रस्थान हा शब्द आपण आता पालखीपुरताच ऐकतो. पूर्वी तो घरोघरी होता. मुहूर्त आजचा आणि प्रत्यक्ष निघणं चार दिवसांनी, असं असलं की कपड्यांचं गाठोडं, तांदूळ-सुपारी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास सुरू झाला असं मानायचं. नियम एकच: ते गाठोडं परत घरात आणायचं नाही. निघताना तिथूनच उचलायचं.

वारीत हाच नियम आजही दिसतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीच्या समाधिमंदिरातून निघतात. पंढरपूर तिथून सुमारे अडीचशे किलोमीटर. पण त्या दिवशी पालखी कुठे जाते? गावातच, आजोळघरी, म्हणजे पूर्वीच्या गांधीवाड्याच्या जागी. तुकोबांची पालखीही देहूच्या मंदिरातून निघते आणि पहिली रात्र गावातल्या इनामदारवाड्यात काढते. मंदिर हाकेच्या अंतरावर असतं, पण पादुका मागे फिरत नाहीत. माउलींच्या सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप दिलं ते एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी. ते आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी नोकरी केलेले. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आणि तंबू या सोहळ्यात असतात. लष्करी कूच जवळून पाहिलेल्या माणसाची नजर त्या व्यवस्थेत दिसते, असं मला वाटतं.

कारण लष्कराचीही हीच रीत होती. जुन्या मराठी कागदपत्रांत "डेरेदाखल झाले" हे शब्द वारंवार येतात. मोहिमेवर निघायचं म्हणजे पहिल्याच दिवशी दहा कोस तोडायचे असं नव्हे. मुहूर्तावर वाडा सोडायचा आणि शहराबाहेर डेऱ्यात राहायला जायचं. पुण्यात गारपिरावर पेशव्यांचे असे डेरे पडत. मग फौज गोळा होई, बैल, दाणा, बारूद यांचा हिशोब लागे आणि नंतर कूच.

फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने तर याचं कारणच लिहून ठेवलंय. ६ डिसेंबर १६६४ रोजी औरंगजेब दिल्लीहून लाहोर-काश्मीरकडे निघाला आणि जवळच्याच शालिमार बागेत सहा दिवस थांबला. का? दीड वर्षाच्या प्रवासाची तयारी लोकांना पुरी करता यावी म्हणून. घरी काय राहिलंय हे घर सोडल्यावरच कळतं, हे त्या छावणीला पक्कं ठाऊक होतं. राहिलेली वस्तू आणायला दिल्ली अजून जवळ होती.

आता आपल्या ट्रेलरच्या पूर्वजाकडे येऊ. निव्वळ हौसेच्या भटकंतीसाठी बांधलेलं पहिलं नामांकित चाकावरचं घर म्हणजे डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचं 'वाँडरर'. हे गृहस्थ ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेले, इंग्लंडमधल्या ट्वायफर्डला राहणारे. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ही गाडी बांधून घेतली. ओढायला दोन घोडे. स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत जायचा बेत होता. एकंदर प्रवास तेराशे मैलांचा झाला आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. पण त्याआधी त्यांनी घराच्या आसपास एक छोटी चाचणी फेरी काढली. त्या फेरीत मेडनहेड थिकेट नावाच्या रानात त्यांना गडगडाटी वादळाने गाठलं. पहिलं वादळ अंगावर आलं तेव्हा घर काही मैलांवर होतं, ही केवढी सोय!

ती जागा इंग्लंडमधल्या थेम्सच्या खोऱ्यातली. आपल्या गावालाही थेम्स आहे आणि ट्रेलरचा इतिहासही. इथून जवळच्या स्ट्रॅथरॉयमध्ये ग्लेनडेलचे आणि उत्तरेला हेन्सलमध्ये जनरल कोचचे ट्रेलर तयार झाले. १९३७ च्या महापुराने हे शहर बुडाल्यानंतर थेम्सच्या उत्तर शाखेवर फॅनशॉ धरण बांधलं गेलं, ते १९५२ साली पुरं झालं. त्या तलावाकाठी कॅम्पिंगची जागा आहे, तीही शहराच्या हद्दीतच. लंडनकरांसाठी तेच आजोळघर म्हणायला हरकत नाही.

तर आमचं प्रस्थान. मी घरातल्या प्लगमधून वायर ओढून ट्रेलरला जोडली. दिवे लागले, फ्रिज गार झाला, हीटर सुरू झाला. चहा करताना मायक्रोवेव्ह लावला तेव्हा एकदा सर्किट ब्रेकर पडला, कारण ट्रेलरची सोय तीस अँपिअरची आणि घरचा प्लग पंधराचा. तेवढं सोडता सगळं झकास. मी खुशीत होतो. अण्णा वायरीकडे बघत होते.

"वाटेत ही कुठं लावणार?"

वायर काढली. घराच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली अण्णांनी खिशात ठेवली. काही विसरलं तरी सकाळपर्यंत घरात जायचं नाही, हे त्यांनी मुलांकडून कबूल करून घेतलं.

पहाटे तीनला गॅसगळतीची सूचना देणारं यंत्र टिकटिकू लागलं. गॅस गळत नव्हता. बॅटरी संपत आली होती. हीटर प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. बाहेर चार अंश. रात्रभर पंखा फिरला आणि बॅटरी बसली. थोड्या वेळात फ्रिजही बंद पडला. तोही प्रोपेनवर होता, पण त्याची नियंत्रण पट्टी बॅटरीवर चालते. उजाडल्यावर अण्णांनी पाणसळ लावून बघितली, तर आमच्या उतरत्या ड्राइव्हवेत ट्रेलर चांगलाच कलता उभा होता. असा फ्रिज सपाटीवर नसला तर नीट गार होत नाही. न उघडलेलं इन्शुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. आम्ही ठेवलेला थर्मामीटर बारा दाखवत होता.

त्या फ्रिजमध्ये आम्ही फक्त दूध आणि दही ठेवलं होतं. आईचं औषध घरच्या फ्रिजमध्ये सुखरूप होतं. हेच जुलैच्या उन्हात, सुपीरिअरच्या काठी, दवाखाना दोन तासांवर असताना कळलं असतं तर? मी अण्णांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली.

तालमी मी नोकरीत पुष्कळ घेतल्या. पण घरची वायर जोडून घेतलेली तालीम घराचीच परीक्षा घेते, ट्रेलरची नाही. प्रस्थानाचा जुना नियम नेमका इथे उपयोगी पडला. मुक्काम घराजवळ करायचा, पण घरात परतायचं नाही. जवळ असल्याने चूक स्वस्तात पडते आणि न परतल्याने ती लपत नाही. मुहूर्ताचं कारण कुणाला पटो न पटो, हा फायदा खरा आहे.

आता दुसरी बॅटरी बसवली आहे. चाकांखाली घालायच्या पट्ट्या आणल्या आहेत. इन्शुलिनसाठी बर्फाची वेगळी पेटी आणि तिच्यात स्वतंत्र थर्मामीटर. पुढच्या शनिवारी फॅनशॉला दुसरा मुक्काम, या वेळी विजेची जोडणी नसलेल्या जागेवर. आईने बजावलंय, "फ्रिज रात्रभर नीट चालला तरच मी थंडर बेला येणार."

श्रोतेहो, तुम्हीही यंदा निघणार असाल तर पहिली रात्र घराजवळ काढा, आणि किल्ली घरातल्या थोरांच्या खिशात द्या.