नांगराच्या कारखान्याने मासिक का काढले?

लातूर–बार्शी रस्त्यावरच्या मुरुडमध्ये बी-बियाण्यांचे दुकान चालवणारा एखादा तरुण आज धंद्याच्या नावाने काही लिहू लागला, तर पहिल्याच महिन्यात त्याच्यापुढे पेच उभा राहतो. आपल्याच मालाची स्तुती किती दिवस करायची, आणि ती वाचणार कोण? हा पेच जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी तो किर्लोस्करवाडीत सोडवला गेला. आजचा धागा त्याविषयी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. नांगर उत्तम होता, पण गिऱ्हाईक येईना. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षे लागली. म्हणजे या कारखान्याची खरी स्पर्धा दुसऱ्या कारखान्याशी नव्हती. ती एका समजुतीशी होती. हे ध्यानात ठेवा, पुढची सारी कथा येथूनच फुटते.

१९१० मध्ये बेळगाव सोडून हा कारखाना औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर आला आणि किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच शं. वा. किर्लोस्कर, हे चित्रकार आणि व्यंगचित्रकार. कारखान्याच्या जाहिरातींचे काम त्यांच्याकडे होते. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले.

कंपनीने स्वतःचे नियतकालिक काढावे ही कल्पना जगात अगदीच अनोळखी नव्हती. अमेरिकेत जॉन डीअर या नांगराच्याच कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक काढले होते. फरो म्हणजे नांगराचे तास. ते शेतीविषयीच बोलत राहिले, आणि आजही निघते.

शंकररावांची वाट मात्र वेगळी झाली. ‘खबर’चा आरंभ कारखान्याच्या घरच्या पत्रासारखा होता, पण हळूहळू कारखाना मागे सरकत गेला आणि वाचक पुढे येत गेला. उद्योग, आरोग्य, कथा, सामाजिक प्रश्न, व्यंगचित्रे. दशक संपता संपता नावातील ‘खबर’ गळून पडले आणि उरले नुसते ‘किर्लोस्कर’. शीर्षकात कंपनीचे नाव कायम, आत मात्र जाहिरातपत्रक कुठेच नाही! मला यात शंकररावांचे सर्वांत मोठे संपादकीय धैर्य दिसते.

कारण याची किंमत मोजावी लागण्याचा संभव होता. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतून सावरकरांनी लिहिलेले विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकातून प्रसिद्ध झाले. पोथीनिष्ठा, जातिभेद, गाईचे देवत्व यांवर त्यांत थेट प्रहार होते. विचार करा: नांगर घेणारा शेतकरी श्रद्धाळू, आणि नांगर करणाऱ्याच्या नावाचे मासिक त्याच्या श्रद्धांना हात घालते. आजचा एखादा जाहिरात सल्लागार हे वाचून घाबरला असता. पण ज्या कारखान्याचा माल एका अंधसमजुतीपायी दोन वर्षे पडून होता, त्याला बुद्धिवाद परका कसा वाटावा? हा दुवा माझा आहे. मला तो सयुक्तिक वाटतो.

आणखी एक गोष्ट. १९३० मध्ये याच संस्थेने ‘स्त्री’ सुरू केले, १९३४ मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’. ‘स्त्री’च्या वाचक कोण? घरात नांगर विकत घेण्याचा निर्णय ज्यांच्या हाती सहसा नसे, त्या. धंद्याच्या हिशेबात न बसणाऱ्या या वाचकवर्गासाठी ते मासिक काही दशके चालले. पुढे विद्या बाळ त्याच्या संपादक झाल्या, आणि तेथून बाहेर पडल्यावर १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढले.