एका बाजूने निसटणारे चाक: मोटारसायकलच्या चिमट्याची गोष्ट

१/ पुण्याजवळ आकुर्डीत घडलेल्या बजाज चेतकचे चाक पंक्चर झाले की स्वार स्कूटर एका कुशीवर कलवत असे, पान्याने मोजके नट सोडत असे आणि स्टेपनी चढवून पुढे निघत असे. या साध्या सोयीमागची कल्पना पुढे जगातील अत्यंत वेगवान मोटारसायकलींच्या मागच्या चाकापर्यंत पोहोचली. तिच्यातून एक पेचही उभा राहिला. जुन्या गाडीचे चाक बदलले, तर ती गाडी तीच राहते का? 🧵

२/ आधी शब्द समजून घेऊ. मोटारसायकलचे मागचे चाक ज्या हलत्या भागात बसते, त्याला स्विंगआर्म म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजांत त्याचे नाव ‘चिमटा’. नाव अचूक आहे, कारण त्याचे दोन पाय चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. चाक काढायचे तर आरपार गेलेला अ‍ॅक्सल ओढावा लागतो, चेन उतरवावी लागते आणि परत बसवताना सारे पुन्हा सरळ रेषेत आणावे लागते.

३/ या चिमट्याचा एक पाय काढून टाकण्याचे धाडस विमानविद्येतून आलेल्या माणसांनी केले. १९४६ साली इटलीत व्हेस्पा आली. तिचे रचनाकार कोराडिनो दास्कानियो हे मूळचे विमान व हेलिकॉप्टरचे अभियंते. विमानाचे चाक एकाच दांड्यावर बसते, तसेच त्यांनी स्कूटरचे बसवले. बजाजने पिआज्जिओच्या परवान्याने स्कूटर बनवल्या आणि ही रचना आपल्या घराघरांत आली.

४/ १९४८ मध्ये जर्मनीत नॉर्बर्ट रीडेल यांनी इम्मे आर १०० ही छोटी मोटारसायकल काढली. युद्धकाळात त्यांनी जेट इंजिन सुरू करणारी छोटी मोटर बनवली होती. इम्मेच्या मागच्या चाकाला धरणारी एकमेव नळी हीच धूर बाहेर टाकणारी नळीही होती! युद्धोत्तर टंचाईत एका भागाकडून दोन कामे करून घेणे ही गरज होती. १९५१ पर्यंत मात्र हे उत्पादन थांबले.

५/ कल्पना पुन्हा जागी झाली ती शर्यतीच्या मैदानावर. रेनॉच्या शर्यतीच्या गाड्यांवर काम केलेले आंद्रे द कोर्तांझ यांनी १९७८ मध्ये एल्फ या फ्रेंच तेल कंपनीच्या पाठबळावर ‘एल्फ एक्स’ ही प्रायोगिक मोटारसायकल उभी केली. तासन्‌तास चालणाऱ्या एंड्युरन्स शर्यतींत टायर अनेकदा बदलावे लागतात आणि तिथे प्रत्येक सेकंद मोलाचा. चाक एका बाजूने निघाले, तर चेन, स्प्रॉकेट आणि ब्रेकची डिस्क जागच्या जागी राहतात.

६/ एल्फला इंजिने पुरवणाऱ्या होंडाने ही रचना आपलीशी केली आणि तिला ‘प्रो-आर्म’ असे नाव दिले. १९८७ मध्ये आलेल्या व्हीएफआर७५०आर, म्हणजेच आरसी३०, या गाडीवर ती झळकली. शर्यतीत उतरण्यासाठी ठरावीक संख्येने रस्त्यावरच्या गाड्या विकणे नियमाने बंधनकारक होते. त्या नियमाचे हे अपत्य. १९८८ आणि १९८९ ची जागतिक सुपरबाइक विजेतेपदे फ्रेड मर्केल यांनी याच गाडीवर जिंकली.

७/ तिची धाकटी बहीण १९८९ ची व्हीएफआर४००आर, म्हणजे एनसी३०. चारशे सीसीच का? जपानमध्ये १९७५ पासून मध्यम परवान्याची मर्यादा ४०० सीसी होती आणि मोठ्या गाडीच्या परवान्याची परीक्षा अतिशय अवघड. त्यामुळे कंपन्यांनी आपले उत्तम तंत्र छोट्या गाड्यांत ओतले. पुढे वापरलेल्या स्थितीत या गाड्या मोठ्या संख्येने ब्रिटनसारख्या देशांत गेल्या.

८/ आता पेच. आरसी३० व एनसी३० यांची पुढची चाके १७ इंची, मागची १८ इंची. पण रेडियल टायर आले आणि काही वर्षांतच स्पोर्ट मोटारसायकलींचे जग दोन्हीकडे १७ इंचांवर स्थिरावले. सुझुकीच्या १९८५ च्या जीएसएक्स-आर७५० ला दोन्ही चाके १८ इंची होती. १९८८ च्या नव्या पिढीला १७ इंची मिळाली. नवे, चांगले टायर १७ च्या मापात येऊ लागले आणि १८ ची निवड आक्रसत गेली.

९/ गाडी धडधाकट, पण पायात घालायला जोडा नाही, अशी ही अवस्था. टायरचे रबर न वापरताही कडक होते. त्याच्या कडेवरील चार आकडे जन्मतारीख सांगतात: ‘२३१२’ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. जुन्या टायरवर वेगाने वळण घेणे हा जिवाशी खेळ. म्हणून मालकांनी चाकेच बदलायला सुरुवात केली.

१०/ एनसी३० वाल्यांना वाट सोपी होती. १९९४ च्या आरव्हीएफ४००, म्हणजे एनसी३५, या वारसदार गाडीचे १७ इंची चाक त्यांच्या उपयोगी पडले. तरी गणित चुकत नाही. १५०/६०-१८ टायरच्या जागी १६५/५५-१७ आला की त्रिज्या सुमारे १२ मिलिमीटरने घटते. मागची बाजू खाली बसते, पुढचा फोर्क अधिक कलतो, वळताना गाडी जड वाटते. त्याच वेगाला इंजिनही सुमारे ४ टक्के जास्त फिरते. शॉकअबकडची उंची वाढवून तोल परत आणावा लागतो.

११/ जुन्या जीएसएक्स-आरवर नव्या पिढीचा अख्खा चिमटा चाकासह बसवणे अधिक कठीण. पिव्हट बोल्टची जाडी, फ्रेममधील रुंदी, शॉकअबच्या लिंकेजची जागा, ब्रेकचा आधार, सारे जुळावे लागते. रुंद टायर चेनला घासू लागला, तर पुढचे स्प्रॉकेट बाहेर सरकवावे लागते. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत नसली, तर वेगात चेन उतरून मागचे चाक जखडू शकते. तिथे चूक माफ होत नाही.

१२/ इतिहासाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. आरसी३० चे १८ इंची चाक हा एक दस्तऐवज आहे. १९८७ मध्ये अभियंत्यांना टायरचे भविष्य कुठे जाईल हे ठाऊक नव्हते, याचा तो पुरावा. ते भंगारात गेले की पुरावा गेला. पण टायरअभावी कोपऱ्यात उभी राहिलेली गाडी तरी काय सांगणार? तिचा आवाज, तिचे वळणे, हाही इतिहासच.

१३/ जाणत्या मालकांनी यावर काढलेला तोडगा वस्तुसंग्रहालयांनाही शोभेल असा आहे: फ्रेम कापायची नाही, वेल्डिंग करायचे नाही, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपायचा आणि केलेला बदल लिहून ठेवायचा. म्हणजे उद्या कुणालाही गाडी मूळ रूपात परत नेता येईल. बदल लपवला की खोटेपणा होतो. नोंदवला, तर तोही गाडीच्या चरित्रातला एक अध्याय ठरतो.

१४/ चाक चटकन बदलता यावे म्हणून जन्मलेल्या गाडीचे चाक काळाने बदलायला लावले, यात एक न्याय आहे. घरच्या जुन्या चेतकची स्टेपनी अजून माळ्यावर असेल, तर ती विकण्यापूर्वी एकदा निरखून पाहावी. या गोष्टीचे पहिले पान तिथेच आहे. (समाप्त)